उष्टावणाचं पाणी

घोलखाली,
१० जानेवारी १९९६

चि. बिधूस आशीर्वाद,

तुझ्या कंपनीचे ते चाकलादारबाबू येऊन गेले त्याला तीन दिवस झाले, पण माझ्या डोक्यातली तिडीक काही उतरत नाही. म्हणून लिहायला बसले.

पाहुणा दारी आला की आपल्या घरात काय देतात? पेलाभर पाणी आणि नारळाचे दोन लाडू. नुसतं पाणी कुणाला दिलं नाही आणि पाण्यावाचून कुणाला परत धाडलं नाही. एकदा बाबांना पकडायला दारोगा आला होता, तोसुद्धा आधी पाणी प्याला आणि मग त्यानं बेड्या काढल्या. आणि तुझ्या बाबूंनी काय केलं? लाडू बोटानं बाजूला सारला, पिशवीतून सीलबंद बाटली काढली आणि म्हणाले, "राग मानू नका दीदी, माझं पोट जरा नाजूक आहे." नाजूक! ढेरी बघितली तर सात महिन्यांची पोटुशी लाजेल. दुसऱ्याच्या घरी जो आपलं पाणी घेऊन जातो त्याच्या मनात पाप असतं, असं आई म्हणायची.

बरं, तो परका. पण तू? तूही त्याच्याच बाटलीतून घोट घेतलास! मेल्या, आई गेली तेव्हा तू दीड वर्षाचा होतास. मोठी दीदी सासरी, म्हणून या मधल्या बहिणीनं, मेजदीनं, तुला काखोटीला मारून वाढवलं, ते याच तळ्याच्या पाण्यावर. बाबांनी तळं खणलं तेव्हापासून त्यात कुणी पाय बुडवला नाही, कुणी हात धुतला नाही. घाटावरून वाकून स्वच्छ कळशी भरायची, बस. नदी आठ महिने खारी, नळकूप हापसला तर तेही खारं. तीस घरं या एका तळ्यावर जगतात. आणि घोलखालीचा बिधान बैरागी आता बाटलीतलं पितो!

आणखी एक. जाता जाता तुझे बाबू आपल्या शेताच्या बांधावर उभे राहून विचारत होते, भरतीचं पाणी इथवर किती चढतं म्हणून. मी विधवा आहे रे, आंधळी नाही. कोळंबीवाल्यानं भरतीची चौकशी केली की काय समजायचं ते मला समजतं.

काजलला आणि बाळाला आशीर्वाद. पोराच्या टाळूवर तेल घालत जा म्हणावं.

तुझी
मेजदी


खुलना,
१९ जानेवारी १९९६

पूजनीय मेजदी, प्रणाम.

तुझं पत्र वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. एका बाटलीवरून एवढं रामायण? चाकलादारबाबू महिन्यातून दोनदा विमानात बसतात. त्यांना डॉक्टरनं बाहेरचं पाणी वर्ज्य केलंय. त्यात कसला अपमान!

तू ओळखलंस ते खरं आहे, लपवत नाही. आपली सात बिघे जमीन कंपनीला कोळंबीसाठी द्यायचं ठरलं आहे. पूर्वेचे सरकार, गाइन, मिस्त्री सगळ्यांनी दिली. आपलंच शेत मध्ये राहिलं तर चहूकडच्या खाऱ्या पाण्यात ते भाताचं शेत तरी कसं जगेल? मेजदी, जग आता एक गाव झालं आहे. आपल्या घोलखालीची बागदा कोळंबी आज सातासमुद्रापार पांढऱ्या बशीत वाढतात. तिथल्या लोकांना आपल्या गावाचं नाव माहीत नसेल, पण चव माहीत आहे. तुम्ही अजून भाताच्या चार लोंब्यांना कवटाळून बसणार का?

खरं सांगायचं तर कायद्यानं जमीन माझ्याच नावावर आहे. आपल्यात मुलगा असताना मुलीला वाटा नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी तुझा मान म्हणून विचारतो. तळ्याभोवती पक्का बांध घालून देऊ, थेंबभर खारं पाणी आत येणार नाही, हा माझा शब्द.

सोबत एक कागद आहे. माल घेणारी परदेशी मंडळी फार सोवळी, त्यांना तिथं राहणाऱ्या माणसाची सही लागते. पेन्सिलीनं खूण केली आहे तिथे सही कर आणि उलट टपाली पाठव. मजकूर नेहमीचाच आहे.

तुझा
बिधान


घोलखाली,
२ फेब्रुवारी १९९६

बिधू,

तुला अक्षरं मी शिकवली. केळीच्या पानावर, कोळशानं. अ काढताना तू जीभ बाहेर काढायचास. त्या मेजदीला तू इंग्रजी कागद पाठवतोस आणि म्हणतोस, मजकूर नेहमीचाच आहे!

मी तो शाळेत नेऊन हेडमास्तरांकडून वाचून घेतला. ते वाचता वाचता थांबले आणि चष्मा पुसायला लागले. तिथे लिहिलंय, या जागेत अथवा जागेलगत पिण्याच्या पाण्याचं कोणतंही तळं, विहीर वा साठा नाही. खाली पेन्सिलीची फुली. तिथे मी सही करायची. म्हणजे आपल्या बापाच्या तळ्याच्या काठावर बसून, त्याच तळ्याचं पाणी पिऊन, मी लिहून द्यायचं की इथे तळं नाही! वा रे पंडित! चार बुकं काय शिकलास, बापाचं तळंच पुसून टाकलंस.

उंटावरचे शहाणे ऐकले होते, विमानातले आता बघते आहे. म्हणे जग एक गाव झालं. मग त्या गावातल्या लोकांना एवढंही दिसत नाही की बशीतली कोळंबी वाढते त्या पाण्यात आधी माझं भात मेलेलं असतं? बरं, तुमचं गाव एकच असेल तर पाणवठाही एकच हवा. पाठव त्यांना माझ्या घाटावर, कळशी घेऊन. तुमच्या जगाचा एकोपा घटकेत कळेल.

आणि जमीन तुझ्या नावावर आहे हे मला ऐकवायची गरज नव्हती. नवरा गेला आणि मी या घरात परत आले त्या दिवसापासून मला ते रोज ठाऊक आहे. जमीन तुझी. तळं कुणाच्या बापाचं नाही. म्हणजे आपल्याच बापाचं आहे, पण त्यानं ते तीस घरांसाठी खणलं.

कागद परत पाठवते आहे. फुलीच्या जागी मी बंगालीत लिहिलंय, "इथे तळं आहे. येऊन प्या." खाली माझी पूर्ण सही आहे, सासरच्या नावानं, तरुलता गाइन.

मेजदी


खुलना,
२० फेब्रुवारी १९९६

पू. मेजदी, प्रणाम.

तू कागद खराब केलास. दुसरा करावा लागला. तिथला रहिवासी म्हणून मीच सही केली, माझं नाव गावच्या मतदार यादीत अजून आहे. तुला त्रास नको म्हणूनच.

गेल्या पौर्णिमेला आपल्या शेतात पाणी सोडलं असेल. तळ्याभोवतीचा बांध कंपनीच्या मुकादमानं घातला का ते बघ. नसेल तर माझं नाव सांग.

बाळ आता हसतं. काजलची इच्छा आहे, त्याचे डोळे तुझ्यासारखे आहेत असं तुला कळवावं.

बिधान


घोलखाली,
९ एप्रिल १९९६

बिधू,

दीड महिना लिहिलं नाही, कारण तुला शिव्या देण्याखेरीज लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता शिव्याही संपल्या, म्हणून लिहिते.

तुझा पक्का बांध म्हणजे कमरेइतका चिखलाचा ढीग. मुकादमाला तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "कोण बिधानबाबू? माल मोजतात ते?" एवढी तुझी पत! मला वाटलं होतं, भाऊ निदान मोठा चोर तरी असेल.

महिनाभर पाणी जमिनीखालून झिरपत राहिलं. आधी घाटाच्या पायरीवर पांढरी पुटं आली. मग शेवाळ तांबूस पडलं. मग मासे वर येऊन तोंड उघडायला लागले. गेल्या अमावास्येच्या भरतीला, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उत्तरेचा बांध फुटला आणि कोळंबीच्या घेरातलं खारं पाणी तळ्यात उतरलं. आम्ही बायका टोपल्यांनी चिखल टाकत होतो. तुझा मुकादम पलीकडे उभा राहून ओरडत होता. कशासाठी माहीत आहे? आमची कोळंबी तळ्यात जाते आहे, जाळी लावा म्हणून!

गवत नाही, म्हणून गाय विकली. शेण नाही, म्हणून सरपण नाही. नारळाच्या झावळ्या करपल्या आहेत. गाइनांच्या सुना दिवसभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहून कोळंबीची पिल्लं धरतात, त्यांच्या पायांना चट्टे उठलेत. पूर्वी त्या आमच्यासारख्या भात लावायच्या आणि शिव्या द्यायच्या. आता नुसत्या शिव्या देतात, आणि त्याही हळू, कारण मुकादम ऐकतो.

तळं गेलं, बिधू. बाबांचं तळं खारट झालं. मी परवा घाटावर बसून रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. लाज वाटायची ती तुला वाटू दे.

मेजदी


खुलना,
१८ एप्रिल १९९६

पू. मेजदी, प्रणाम.

तुला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे. तुझं पत्र मी ऑफिसात दाखवलं. त्यांनी लगेच फाइल काढली. मागच्याच महिन्यात आपल्या माणसानं घोलखालीच्या तळ्याचं पाणी तपासलं आहे. दाखला माझ्यासमोर आहे, शिक्क्यासह. पाणी गोडं, पिण्यायोग्य. एका बाजूला चार शिकलेल्या माणसांची तपासणी आणि एका बाजूला तुझी जीभ. तूच सांग, मी काय मानू? थोडं झिरपलं असेल, पावसात जाईल.

आता आनंदाची गोष्ट. १९ मे रोजी बाळाचं मुखेभात, म्हणजे उष्टावण आहे. काजलला सख्खा भाऊ नाही, म्हणून मामाच्या जागी बसून पहिला घास भरवायला चाकलादारबाबू तयार झाले आहेत! एवढा मोठा माणूस, पण नाही म्हणाले नाहीत. त्या दिवसांत माल घेणाऱ्या कंपनीच्या एक मॅडमही येताहेत, त्यांनाही बोलावलं आहे. त्यांना आपल्या चालीरीती बघायच्या असतात.

आपल्या घरची रीत तू जाणतेसच. पहिली पायेस, तांदळाची खीर, बाबांच्या तळ्याच्या पाण्यात, आपल्याच शेतातल्या तांदळाची. माझीही तशीच झाली होती. तेव्हा एक कळशी पाणी आणि शेरभर सुगंधी तांदूळ लाँचवाल्याच्या हाती पाठव. मी सगळ्यांना सांगितलं आहे की आमच्यात बाळाच्या तोंडी आधी पूर्वजांचं पाणी लागतं. मॅडमना ते फार आवडेल.

तू स्वतः यायची दगदग करू नकोस. उन्हाळा फार आहे आणि घर लहान. शिवाय मंगलकार्यात लोक काय काय बोलतात, ते तुला ठाऊक आहे. मी मानत नाही, पण लोक मानतात.

तुझा
बिधान


घोलखाली,
१५ मे १९९६

बिधू,

पाठवते. लाँचवाला सुबल कळशी घेऊन येतो आहे.

पाणी आज सकाळी घाटावरून भरलं. कळशी राखेनं घासली, तोंडाला नवं फडकं बांधलं, पाण्यात पाय घातला नाही. रीत सगळी पाळली. तेच तळं, ज्याचा शिक्क्याचा दाखला तुझ्याकडे आहे. एका बाजूला तुझी चार शिकलेली माणसं, एका बाजूला माझी जीभ. तू मानायचं ते मान.

तांदूळ गेल्या अघ्राण महिन्यात कापलेला. कणगीच्या तळाशी उरला होता तेवढा सगळा दिला. यापुढे मागू नकोस, शेत कोळंबीला दिलंय तू.

विधवा मेजदीची सावली कार्यात नको, हे किती गोड शब्दांत लिहिलंस रे! तिच्या हातची कळशी मात्र चालते. करा, थाटात करा. देवाच्या नैवेद्याचं आहे, तेव्हा कुणी आधी चाखू नका.

बाळाला माझा पापा दे.

मेजदी


खुलना,
२१ मे १९९६

मेजदी,

तू हे मुद्दाम केलंस. नाही म्हणू नकोस.

काजलनं पहाटे अंघोळ करून स्वतः पायेस केली. तुझ्या पाण्यात तांदूळ शिजवला, मग दूध, गूळ. नैवेद्याचं म्हणून कुणी बोट लावलं नाही. देवापुढे ठेवली. अंगणात साठ माणसं. मी उभा राहून सगळ्यांना सांगितलं, ही पायेस आमच्या घोलखालीच्या वडिलोपार्जित तळ्याच्या पाण्यातली आहे. चाकलादारबाबूंनी चांदीच्या चमच्यानं बाळाच्या तोंडात पहिला घास घातला. बाळानं तोंड असं केलं की सगळे हसले. मग ते ओकलं आणि किंचाळून रडायला लागलं. बाबू म्हणाले, "पोराला गोड आवडत नाही वाटतं," आणि त्यांनी स्वतः एक चमचा घेतला. घेतला आणि तिथेच, अल्पनेवर, रांगोळीवर थुंकले.

मॅडम माझ्याजवळच होत्या. दुभाष्याला म्हणाल्या, यांना विचारा, तिथे तळं आहे का? कागदावर तर नाही म्हटलंय. मेजदी, मी बाळाला थोपटत राहिलो. साठ माणसं, माझ्या कडेवर रडणारं पोर, आणि खाली माझीच सही.

तुला वाटेल आता काहीतरी होईल. काही झालं नाही. त्यांनी वहीत चार शब्द लिहिले आणि वही मिटली. माल काल बंदरावर गेला. चाकलादारबाबूंनी आज मला बोलावून पाठीवर थाप मारली. म्हणाले, "घाबरतोस कशाला? तेव्हा तळं होतं, कागद खोटा होता. आता ते पाणी कोण पिणार? आता कागद खरा झाला." आणि हसले. मीही हसलो, मेजदी. सवयीनं हसलो.

घरी आलो तर काजल उरलेल्या पायेशीचं भांडं पुढ्यात घेऊन बसली होती. मला म्हणाली, खा. मी एक घास घेतला. ती म्हणाली, सगळं खा. मी खाल्लं. मग तिनं विचारलं, "मेजदी हे रोज पितात?" चार महिन्यांत मी तुला एकदाही ते विचारलं नव्हतं.

म्हणून विचारतो. तुम्ही आता पाणी कुठलं पिता?

पुढच्या आठवड्यात रजा काढून येतो. बाळाला तू बघितलं नाहीस. ये म्हणशील ना?

बिधू


घोलखाली,
१ जून १९९६

बिधू,

हो, मुद्दाम केलं. तुला शब्द कळत नाहीत, शिक्का कळतो. म्हणून चव पाठवली. पण बाळानं तोंड कसं केलं ते वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. त्याच्या पहिल्या घासात माझा राग होता. तुझी मला कीव येत नाही, पण त्या पोराची मी आयुष्यभर गुन्हेगार आहे. काजलला हे वाचून दाखव.

तुझ्या बाबूंबद्दल काय लिहू? पुराणातले राक्षस आधी पाणी विटाळायचे आणि मग गदागदा हसायचे, ते मला लहानपणी खरं वाटायचं नाही. त्यांना निदान शिंगं तरी असत. आणि तुझ्या त्या वहीवाल्या बाईंना म्हणावं, पुढच्या वेळी तळं बघायला लिहिता येणारं बोट नको, चाखणारी जीभ घेऊन या.

आता तू विचारलंस, म्हणून सांगते. नदीपलीकडे कैलासडांग्याला अजून एक गोडं तळं आहे. आम्ही सकाळी नावेनं जातो. दोन तास जायला, दोन यायला. त्या गावचे लोक एका घराला एकच कळशी भरू देतात, आणि त्यांचं बरोबर आहे, त्यांच्याकडेही मागच्या आठवड्यात एक बाबू भरतीची चौकशी करून गेला. माझी कळशी चौघींत वाटली जाते, कारण बिनोदिनीकाकी आणि मिस्त्रींच्या दोन म्हाताऱ्यांना नावेत चढवत नाही. उरतं त्यात मी भात शिजवते आणि दोन पेले पिते. अंघोळ खाऱ्यात. केस तारेसारखे झालेत. तू बघशील तेव्हा हसू नकोस.

काल मिस्त्रींचा जावई आला होता. मी ओट्यावर लाडू ठेवला आणि पेला भरायला आत गेले. माठात वाटीभर होतं, ते संध्याकाळी काकीच्या औषधाला हवं होतं. मी पेला पालथा घातला आणि बाहेर येऊन त्याला सांगितलं, पाणी नाही बाबा. बाबांनी घर बांधलं तेव्हापासून या दारात हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. तो बिचारा म्हणाला, तहान नाही मला. ओठ सुकले होते त्याचे.

ये. घर तुझंच आहे, कागदावरही आणि तसंही. काजलला आण, बाळाला आण, त्याला मांडीवर घेईन. नारळ दोन उरलेत, लाडू करून ठेवीन. फक्त तुझे चाकलादारबाबू आले होते तसा ये. येताना आपलं पाणी घेऊन ये.

तुझी
मेजदी